मुलांनी वाचावं असं वाटतं ना? मग त्यांना वाचताना दिसा

मुलगी बारा वर्षांची, मुलगा सात. दोघंही वाचतात, म्हणून ओळखीचे आईवडील हमखास विचारतात, ‘कोणती पुस्तकं देता हो?’ यादी मी आनंदाने देते. पण त्याआधी एक विचारते : तुम्ही सध्या काय वाचताय? आणि वाचताना मुलं तुम्हाला बघतात का?

मुलं झोपल्यावर वाचणारे आईबाप पुष्कळ आहेत. ते वाचन मुलांपर्यंत पोहोचतच नाही. फोनवरच्या वाचनाचंही तेच. तुम्ही कादंबरी वाचताय की मेसेज बघताय, हे समोरच्या मुलाला कसं कळणार? म्हणून मुलं जागी असताना छापील पुस्तक हातात घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सगळे वावरतात तिथेच बसा. पंधरा मिनिटं पुरतात, पण ती रोजची हवीत.

आणि वाचा ते स्वतःला आवडणारं. मुलांना दाखवायला म्हणून धरलेलं पुस्तक त्यांना लगेच ओळखू येतं. मला प्रवासवर्णनांचं वेड आहे. मध्यंतरी शॅकल्टन या शोधप्रवाशाच्या अंटार्क्टिक मोहिमेबद्दल वाचत होते आणि एकदम तोंडून ‘बाप रे!’ निघालं. मुलगा खेळ टाकून आला. त्याला सांगितलं, यांचं जहाज बर्फात अडकलं, बर्फाने ते चिरडलं आणि १९१५ साली ते बुडालं. जहाजावरची २८ माणसं बर्फावर उघडी पडली. ‘मग मेली?’ म्हटलं, ‘थांब, एवढं प्रकरण संपवू दे.’ तो थांबला, अगदी खेटून बसला. नंतर कळलं की सहा जण छोट्या होडीतून मदत आणायला निघाले आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वाचले, तेव्हा त्याने पुस्तक ओढून घेतलं आणि जहाजाचे फोटो शोधत बसला. मजकूर त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. तरी ते पुस्तक पुढे कितीतरी दिवस त्याच्याच उशाशी होतं.

‘एवढं पान होऊ दे’ म्हणताना अनेकांना, विशेषतः आयांना, अपराधी वाटतं. वाटून घेऊ नका. आई ज्यासाठी दोन मिनिटं थांबायला सांगते त्यात काहीतरी आहे, हे मुलाच्या मनात तिथे रुजतं. मात्र नंतर त्यातलं काहीतरी त्याला सांगायचंच. वडिलांनीही वाचायला हवं. एकच पालक वाचत असेल तर मुलं ती त्या एकाची आवड समजतात, घराची नाही.

मोठ्याने वाचून दाखवणं हा याचाच पुढचा भाग. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये हे अगदी तान्हेपणापासून सुरू करा असं सांगितलं. मूल स्वतः वाचायला लागलं की बहुतेक घरांत हे बंद होतं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण स्वतः वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा कितीतरी अवघड भाषा मुलाला ऐकून कळते, आणि हे अंतर बरीच वर्षं राहतं. वाचताना मध्येच थांबा, ‘आता काय होईल?’ विचारा, गोष्ट त्याला पुढे नेऊ द्या.

अक्षरं वाचायला अडखळणाऱ्या पालकांनी मागे राहू नये. मुलाला वाचायला सांगा आणि हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत उत्सुकता दिसली की वाचणाऱ्याला हुरूप येतो.

पुस्तकं हाताला लागतील अशी ठेवा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७ देशांच्या एका अभ्यासात, घरात पुस्तकं असलेली मुलं शिक्षणात पुढपर्यंत जातात असं दिसलं, आईवडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय लक्षात घेऊनही. पण काचेच्या कपाटात कुलपात ठेवलेल्या पुस्तकांवर माझा विश्वास नाही. खालचा कप्पा मुलांचा. विकत घेणं जमत नसेल तर वाचनालय आहे, आणि तिथेही स्वतःसाठी एक पुस्तक घेतल्याशिवाय परतू नका.

‘किती पानं झाली?’, ‘सारांश सांग’ हे मात्र नको. शिक्षा म्हणून वाचायला बसवणं तर मुळीच नको. चित्रकथा चालतात, तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलेलं चालतं, अर्धवट सोडलेलंही चालतं. मला कंटाळवाणं झालेलं पुस्तक मी मुलांसमोर मिटते आणि का ते सांगते.

मूल मोठं झालं की दिशा उलटी करा, त्याच्या आवडीचं तुम्ही वाचा. लेकीने दिलेली जाडजूड रहस्यकथा सध्या माझ्याकडे आहे. माझा संशय मामावर आहे, तिला तो साफ अमान्य आहे, आणि रविवारपर्यंत वाचून संपवायची अशी तिने मला ताकीद दिली आहे.