केमो चालू असताना हार्टसाठी अँटीऑक्सिडंट घ्यायचे का? आधी हे करा

घरात कुणाची केमो सुरू झाली की कोणीतरी हमखास सांगतंच, अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूल चालू करा, हार्टला काही होणार नाही. सांगणाऱ्याची माया खरी असते, पण ऑन्कोलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरला) न विचारता काहीही सुरू करू नका प्लीज.

पहिलं काम म्हणजे औषधांची नावं लिहून घ्या, कारण प्रत्येक केमोने हार्टला सारखाच धोका नसतो. यादीत डॉक्सोरुबिसिन (ते लाल रंगाचं औषध) किंवा एपिरुबिसिन असेल तर जास्त लक्ष द्यायचं, ट्रास्टुझुमॅब असेल तरीही. डॉक्सोरुबिसिन हार्टच्या पेशीत लोहाच्या साथीने फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) तयार करतं, म्हणून तर त्यांना रोखणाऱ्या अँटीऑक्सिडंटची आयडिया आली, आणि प्राण्यांवर रिझल्ट चांगले दिसलेही, पण माणसांवर व्हिटॅमिन ई आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन ही अँटीऑक्सिडंट देऊन पाहिली तेव्हा हार्ट वाचल्याचं काही दिसलं नाही. कारण नुकसान फक्त फ्री रॅडिकल्समुळे होत नाही, हे औषध टोपोआयसोमरेज २ बीटा नावाच्या एन्झाइमला धरून पेशीचा डीएनएच तोडतं, तिथे व्हिटॅमिन काय करणार? उलट २०२० मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंट्सवरचा एक अमेरिकन अभ्यास आला, त्यात केमोच्या आधी आणि केमो चालू असतानाही अँटीऑक्सिडंट सप्लिमेंट घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. संख्या कमी होती म्हणून तो पक्का पुरावा नाही, पण मी तरी ही रिस्क कुणाला घ्यायला सांगणार नाही. जेवणातली फळं-भाज्या वेगळ्या, त्या खा, बंद करू नका.

मग विचारायचं काय? डेक्स्राझोक्सेन या हार्ट वाचवण्यासाठीच्या औषधाबद्दल विचारा. हे लोहही पकडतं आणि त्या एन्झाइमचा मार्गही अडवतं, डॉक्सोरुबिसिनच्या आधी शिरेतून देतात. सगळ्यांना लागत नाही, साधारण डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस ३०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या (शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने) पुढे जाणार असेल तेव्हा विचार होतो.

आणि हा एकूण डोस स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, हे खरंच फार महत्त्वाचं आहे, कारण तो आयुष्यभराचा हिशोब असतो, आधी दुसरीकडे ट्रीटमेंट झाली असेल तर ते आकडेही त्यात धरायचे. जुन्या ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या तेव्हा डॉक्सोरुबिसिनच्या एकूण ४०० च्या डोसला हार्ट फेल्युअर सुमारे ५ टक्के लोकांना झालं होतं आणि ५५० ला सुमारे २६ टक्के, म्हणजे धोका कसा झपाट्याने वाढतो बघा.

केमोच्या आधी इको (हार्टची सोनोग्राफी) करून घ्या आणि त्यातला ईएफचा आकडा (प्रत्येक ठोक्याला हार्ट किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो) जपून ठेवा, पुढच्या इकोत तो १० पॉइंटने पडून ५० च्या खाली आला तर लगेच कार्डिओलॉजिस्ट. बीपी, शुगर कंट्रोलमध्ये हवं, डॉक्टर हो म्हणाले तर रोज चालणं पण. आडवं झाल्यावर दम लागला, पाय सुजले, दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. केमो संपल्यावरही इको चुकवायचा नाही, हा त्रास काही वर्षांनीसुद्धा वर येऊ शकतो.