चिऊ-काऊच्या गोष्टीवर पहिली-दुसरीचा वर्ग कसा घ्यावा

कोकणातल्या शाळेत जूनमध्ये शिकवायला एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी चिऊ-काऊची निवडेन. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि गोष्टीत काऊचं शेणाचं घर वाहून जातं, चिऊचं मेणाचं तसंच राहतं. बहुतेक मुलांनी ती घरी ऐकलेली असते, म्हणून तर ती घ्यायची.

आधी टप्पे मनात बसवा: दोन घरं, पाऊस, दाराशी काऊ, चिऊची कामं, उघडलेलं दार. पुस्तक हातात घेऊ नका. वाचताना नजर पानावर राहते, सांगताना ती मुलांच्या चेहऱ्यांवर असते आणि कुठे थांबायचं ते तिथेच कळतं.

"चिऊताई, चिऊताई, दार उघड" हे वाक्य मुलांना द्या. चिऊ काय करतेय तेही त्यांनाच सांगू द्या: बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, काजळ लावते. "आधी काय, मग काय?" असं विचारलं की क्रम आपोआप शिकून होतो. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य फळ्यावर लिहा आणि एकेका शब्दावर बोट ठेवून म्हणून घ्या. तोंडात बसलेलं वाक्य डोळ्यांना लवकर ओळखू येतं. मग 'दार', 'उघड' या शब्दांच्या चिठ्ठ्या करून अक्षरांकडे वळा.

एखादं मूल "चिये, दार उघड गो" म्हणालं तर कृपा करून दुरुस्त करू नका. दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी लिहा. मालवणीत बोललं तर चुकतं, असं एकदा मनात बसलं की ते मूल वर्गात तोंडच उघडत नाही. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, असंच सांगतं.

मग प्रयोग. एका वाटीत मेणबत्तीचा तुकडा, दुसरीत शेणाचा गोळा. दोन्हींत पाणी ओता, ढवळा. काय होईल ते मुलांनी आधी सांगायचं, नंतर बघायचं.

चित्रांसाठी कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी डोळ्यांपुढे ठेवा. तिथला ठाकर समाज सुट्या कागदांवरची चित्रं एकेक पुढे करत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 चा पद्मश्री जाहीर झाला. मुलांनीही एका कागदावर एकच प्रसंग काढावा आणि तो पुढे धरून सांगावा. कागदांची अदलाबदल केली की गोष्ट बिघडते. ती नीट लावण्यात मुलं रंगून जातात.

शेवटी "यातून काय शिकलात?" हा प्रश्न टाळा. त्याचं ठरावीक उत्तर येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. "चिऊनं इतका वेळ दार उघडलं नाही, ते बरोबर केलं का?" असं विचारा आणि भांडू द्या. गोष्टीचा शेवटही घरोघरी वेगळा असतो. प्रत्येकानं आपल्या आजीला विचारून यावं. एखादी आजी शाळेत यायला तयार झाली तर तिला खुर्ची-माइक देऊ नका, मुलांमध्ये सतरंजीवर बसवा आणि तिच्या बोलीतच सांगू द्या.