जीर्ण पुस्तकांना खोका करताय? या चुका टाळा

श्रावणात कपाटातून कुबट वास आला की सगळ्यांना आधी आठवते ती प्लास्टिकची पिशवी. कोकणातल्या वाचनालयांत ही पिशवीच नुकसान करते. कागदाने ओढलेली ओल आत कोंडते, आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते. पिशवी पीव्हीसीची असेल तर त्यातून आम्लही सुटतं. आपल्या हवेत वेष्टण श्वास घेणारंच हवं, म्हणजे बोर्डाचं किंवा कापडाचं. पॉलिएस्टर फिल्म (पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) सुट्या पानांपुरती ठीक, तीही कडा मोकळ्या ठेवून.

किराणा मालाचे खोके नकोत. त्यांतल्या लिग्निनमुळे (लाकडातला एक घटक) पानं पिवळी पडतात. आम्लमुक्त, लिग्निनविरहित बोर्ड मागा. पीएच पेनची (आम्लता तपासायचं पेन) रेघ जांभळी उमटली तर बोर्ड आम्लमुक्त, पिवळी तर परत करा. (लिग्निन मात्र हे पेन दाखवत नाही.)

माप घेताना घाई नडते. उंची, रुंदी, जाडी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा, कारण जुन्या पुस्तकाची जाडी कण्याशी एक आणि कडेला दुसरी असते. मोजताना पुस्तक दाबू नका. सर्वांत मोठा आकडा धरून २-३ मिमी वाढवा. सैल खोक्यात पुस्तक घासतं, घट्ट खोक्यातून काढताना कणाच उचकटतो. घडी बोर्डाच्या ग्रेनला (तंतूंच्या दिशेला) समांतर घाला, नाहीतर ती फुटते.

पातळ पुस्तकाला चार पाकळ्यांचं (चारही बाजूंनी दुमडणारं) वेष्टण पुरे; जाडजूड किंवा पुठ्ठा सुटलेल्या पुस्तकाला खोकाच लागतो. चामड्याच्या बांधणीतून लाल भुकटी झडत असेल तर ते पुस्तक आधी वेगळं गुंडाळा.

पोथीचं लाल बासन दिसतं छान, पण ओलीत रंग उतरतो. बिनरंगी मांजरपाट घ्या आणि गरम पाण्यात दोनदा धुवा. खळ राहिली तर कसर लागते. रबरबँड चिकटतो, त्याऐवजी रुंद सुती नाडी वापरा. गाठ कव्हरवर नको, पानांच्या कडेला.

सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) हवाबंद नसलेल्या खोक्यात थोड्याच दिवसांत ओलीने भरतं, मग निरुपयोगी. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही.

खोके भरायचे ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, पुस्तकं कोरडी झाल्यावर. कपाट भिंतीपासून १० सेमी दूर. तरीही आत बुरशीचे ठिपके दिसले तर पुस्तक बाजूला काढा, सावलीत सुकवा, मास्क लावून मऊ ब्रशने घराबाहेर झाडा. तो खोका टाकून द्या, पुसून पुन्हा वापरू नका.