एनएसएसचे 120 तास बागेत देणार असाल तर

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं की वर्षाला 120 तास काम करायचं असतं. बहुतेक मुलांना ते जुलैतच उरकायची घाई असते. 1950 पासून जुलैचा पहिला आठवडा वनमहोत्सवाचा, त्यामुळे तेव्हा जिथे तिथे वृक्षारोपण चालू असतं. पुण्यात आमच्या भागातल्या महापालिकेच्या बागेत आम्ही शेजारीपाजारी मिळून काम करतो. पावसाळ्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं: तास राखून ठेवा. तुमची खरी गरज फेब्रुवारी ते मे या दिवसांत आहे. रविवारी सकाळचे अडीच तास धरले, तर 120 तासांत 48 रविवार होतात, म्हणजे जवळजवळ अख्खं वर्ष.

आल्या आल्या कुदळ हातात घेऊ नका. आधी बागेतल्या माळीकाकांना भेटा. पाण्याची लाइन कुठून गेलीय, कुठल्या नळाला दुपारनंतर पाणी नसतं, कुठल्या कोपऱ्यात साप निघतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. उद्यान विभागाला पत्र देऊन परवानगी घ्या आणि त्याची पोच जपून ठेवा. रस्त्यावर येणारी एखादी फांदी दिसली तरी कोयता चालवू नका. झाडांचं संरक्षण करणारा कायदा राज्यात 1975 पासून आहे आणि फांद्या तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

पहिले काही रविवार सफाईचे. इथे एक सवय मोडावी लागते. झाडू हातात आला की नवीन मुलं आधी पाचोळाच लोटायला घेतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. पाचोळा कचरा नाही. तो झाडाच्या बुडाशी राहू द्या, जास्त असेल तर खताच्या खड्ड्यात टाका, पण जाळू मात्र अजिबात नका. उचलायचं ते गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, गवतात फुटलेल्या बाटल्या. संक्रांतीनंतर फांद्यांत अडकलेला नायलॉनचा मांजा ओढून काढू नका, त्याने हातही कापतो आणि सालही. शिडी लावून, हातमोजे घालून कात्रीने तुकडे करत काढा. पिंपळाच्या पारावर ठेवलेल्या जुन्या तसबिरींना हात लावण्याआधी तिथे रोज बसणाऱ्या आजी-आजोबांशी बोला. त्यांना विचारून केलं की पुढच्या वेळी तेच लोकांना तसबिरी ठेवू देत नाहीत. गोळा झालेला सुका कचरा वेगळा करून कचरावेचक ताईंच्या हाती द्या.

खिळे काढण्याचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. क्लासच्या जाहिरातीची पाटी गळून पडते, खिळा आत राहतो. जुन्या झाडाच्या खोडावरून हळूहळू तळवा फिरवला, की सालीतून टोचणारं गंजकं डोकं लागतं. पक्कड आणि खोड यांच्यामध्ये लाकडाची चपटी पट्टी धरा, म्हणजे जोर पट्टीवर येतो आणि साल चेंगरत नाही. खिळा सरळ रेषेत ओढा, हिसके देऊ नका. साल पूर्ण मिटून खिळा आत गेला असेल तर तसाच राहू द्या.

लावणीचे खड्डे उन्हाळ्यातच घ्यायचे, साधारण दोन फूट लांब, रुंद, खोल. वर विजेची तार आणि शेजारी भिंत आहे का ते बघून झाड ठरवा. तारेखाली कांचन चालेल, वड नाही. गिरिपुष्प भराभर वाढतं म्हणून टेकड्यांवर लावलं गेलं आणि आता तेच सगळीकडे दिसतं. बागेत ती घाई कशाला? करंज, कडुनिंब, बहावा, तामण लावा. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली की रोप आणायचं. खोडाला धरून उपसू नका. पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गड्डा दोन्ही हातांवर घ्या, तळाशी गोल फिरलेली मुळं असतील तर ती छाटा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच जमिनीत जाऊ द्या. बांबूला सुतळी सैल आठाच्या आकड्यात बांधा.

आणि मग खरं काम. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, परीक्षा असतात, गटात मोजकी डोकी उरतात. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांतून एकदा आळं भरून पाणी द्या, म्हणजे मुळं खाली जातात. आळ्यात पाचोळ्याचा जाड थर हवा, खोडापासून चार बोटं दूर. हे किमान दोन उन्हाळे करायचं.

एक वही ठेवा: झाडाचं नाव, लावल्याची तारीख, उंची, खोडाचा घेर. वृक्षगणनेत झाडं अशीच मोजली जातात, आणि वनस्पतीशास्त्र किंवा उद्यानविद्येकडे जाणाऱ्यांना ही सवय पुढे कामाला येते. बहावा, पळस ऐन उन्हाळ्यात पानं गाळतात, त्यांना मेलेलं समजून उपटू नका. नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं असेल तर पाणी चालू ठेवा. तपकिरी, कोरडं निघालं तर आणखी खाली खरवडून बघा, कधीकधी बुंध्यातून नवा फुटवा येतो. खरोखर गेलेल्या रोपांची यादी मे संपायच्या आत उद्यान विभागाला द्या. रोपवाटिकेतून तेवढीच रोपं मागवता येतात आणि जुलैत जुन्याच खड्ड्यांत लावता येतात.