डीसीपी करायला बसण्याआधी: रंगांची तयारी

एडिट लॉक झालं, ग्रेडिंग (रंग बसवणं) झालं, महोत्सवाची तारीख चार दिवसांवर आली, की निर्माता म्हणतो, "डीसीपी काढून टाक ना, रात्रभरात होतो." (डीसीपी म्हणजे थिएटरात चालवायचं फिल्मचं डिजिटल पॅकेज.) होतो, खरंच होतो. पण रात्रभरात होतं ते एन्कोडिंग. रंग बिघडायचे असतील तर ते त्याआधीच, दिवसाउजेडी, एका ड्रॉपडाउनमध्ये बिघडलेले असतात. लॅबला द्यायला पैसे नसलेल्या, घरच्या संगणकावर डीसीपी करणाऱ्या शॉर्टफिल्मवाल्यांसाठी ही तयारी लिहितो आहे.

पहिलं काम कागद-पेनाचं. कलरिस्टला फोन लावा आणि चार गोष्टी लिहून घ्या. ग्रेडिंग रेक ७०९ मध्ये (टीव्हीचा रंगपरीघ) झालं की पी३ मध्ये (सिनेमाचा, जास्त रुंद)? मॉनिटरचा गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा, २.४ होता की २.२? पांढरा बिंदू, म्हणजे कुठला रंग 'पांढरा' धरायचा तो, डी६५ (टीव्ही-मॉनिटरचा) की डीसीआयचा (डिजिटल सिनेमाचे नियम ठरवणाऱ्या स्टुडिओ-गटाचा)? आणि बाहेर काढलेल्या फाइलची लेव्हल फुल (० ते २५५) आहे की व्हिडिओ (१६ ते २३५)? "नेहमीचंच सेटिंग होतं रे" हे उत्तर चालवून घेऊ नका. प्रत्येकाचं नेहमीचं वेगळं असतं.

एवढा आग्रह का, तर डीसीपीत आरजीबी नसतंच. प्रत्येक पिक्सेल १२ बिटांच्या एक्स-वाय-झेड आकड्यांत (यातला वाय उजेडाचा), २.६ च्या गॅमाने साठवलेला असतो. डीसीआयने २००५ साली पहिला आराखडा काढला तेव्हापासून हे असंच आहे. रूपांतरात आधी मूळ गॅमा उतरवायचा, मग मॅट्रिक्सने (आरजीबीचं एक्स-वाय-झेड करणाऱ्या कोष्टकाने) गुणायचं, मग २.६ चढवायचा. शेवटची पायरी ठरलेली. घोळ होतो पहिल्या दोन पायऱ्यांवर, कारण फाइलमधल्या आकड्यांवर त्यांचं गाव लिहिलेलं नसतं, आणि क्विकटाइमच्या टॅगवर लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. मॅकवर तीच फाइल प्लेअरमध्ये फिकी आणि ग्रेडिंग सॉफ्टवेअरमध्ये गडद दिसते, हा अनुभव कुणाला नाही? म्हणून लॅपटॉपवरचा प्लेअर साक्षीला घ्यायचाच नाही.

एक्स्पोर्टसाठी मी १६ बिटांची टिफ मालिका घेतो. जागा खाते, पण फुल लेव्हल आणि थेट आरजीबी असल्यामुळे दोन शंका मुळातच संपतात. ती परवडत नसेल तर प्रोरेस ४४४४. एच.२६४ ची फाइल यूट्यूबसाठी ठेवा.

आता मुख्य गोष्ट, चाचणीची रीळ. सगळ्या फिल्मला हात लावण्याआधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा बनवा. त्यात शुद्ध काळा, ५० टक्क्यांचा करडा, शुद्ध पांढरा, रंगपट्ट्या आणि तुमच्याच फिल्ममधले तीन शॉट ठेवा: एक चेहऱ्याचा, एक रात्रीचा, एक भडक रंगाचा. याचा डीसीपी करून तो रिझॉल्व्ह या ग्रेडिंग सॉफ्टवेअरमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही साधनात परत उघडा आणि रूपांतर न करता मूळ कोड व्हॅल्यू, म्हणजे साठवलेले आकडे, वाचा. चित्र फिकट, जरा विचित्र रंगाचं दिसेल. ते तसंच दिसायला हवं, घाबरू नका. चित्राकडे बघायचंच नाही, आकडे बघायचे.

डी६५ चा पांढरा जसाच्या तसा, पूर्ण ४८ निट्सना (निट हे उजेडाचं एकक, ४८ ही थिएटरातल्या पांढऱ्याची ठरलेली पातळी) नेला असेल, तर एक्स, वाय, झेडचे आकडे ३८८३, ३९६०, ४०९२ असे येतात. ३७९४, ३९६०, ३८९० आले, तर वाटेत कुणीतरी पांढरा बिंदू डीसीआयकडे सरकवला आहे. ते मुद्दाम केलं असेल तर ठीक, आपोआप झालं असेल तर कुठे झालं ते शोधा. मग करडा बघा. २.४ चा गॅमा उतरवला असेल तर ५० टक्क्यांच्या करड्याचा वाय साधारण २०८८ येतो, २.२ उतरवला तर २२०३. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो, पडद्यावर तो १५ टक्के जास्त उजेड असतो आणि रात्रीचे प्रसंग धुतल्यासारखे दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये 'रेक ७०९' नावाचा तयार पर्याय असतो, तो निवडून मोकळं होऊ नका. त्याच्या आत गॅमा कितीचा धरला आहे ते उघडून बघा. मॉनिटर २.४ वर असेल तर तिथेही २.४ च लिहा. थिएटरात अंधार असतो म्हणून इथे २.६ धरून कॉन्ट्रास्ट वाढवावा असं सांगणारेही भेटतात. मला ते पटत नाही. कॉन्ट्रास्ट वाढवायचा तर तो कलरिस्टने डोळ्यांनी बघून वाढवावा, रूपांतरातून चोरून नव्हे.

काळ्याचा वाय शून्याऐवजी ३०० च्या वर आणि पांढऱ्याचा ३६७० च्या आसपास आला, तर व्हिडिओ लेव्हलची फाइल फुल समजून वाचली गेली आहे: १६ ते २३५ ला ० ते २५५ मानलं गेलं. पडद्यावर काळा रंग राखेसारखा दिसतो. उलटी चूक जास्त वाईट, कारण तिथे सावल्यांतला तपशील कायमचा बुडतो.

भडक रंगाच्या शॉटसाठी मी हळदी-लग्नातला झेंडू शोधतो. रेक ७०९ चा सगळा रंगपरीघ पी३ च्या आत मावतो, तेव्हा नीट झालेल्या रूपांतरात कुठलाच रंग मॉनिटरपेक्षा जास्त भडक व्हायचं कारण नाही. एका मैत्रिणीच्या फिल्मच्या वेळी मी सॉफ्टवेअरमध्ये मूळ रंगजागा पी३ अशीच राहू दिली होती, आदल्या कामातली. थिएटरात झेंडूची तोरणं दिव्यांसारखी पेटली आणि नवरीचा चेहरा उन्हाने भाजल्यासारखा. ती म्हणाली, "छान पॉप होतंय!" मी घरी जाऊन रात्रभर पुन्हा एन्कोड केलं.

दुहेरी रूपांतराचाही बंदोबस्त करा. रिझॉल्व्हमधून एक्स-वाय-झेडमध्येच टिफ काढल्या असतील, तर डीसीपी-ओ-मॅटिक या डीसीपी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कलर कन्व्हर्जन बंद हवं. ते आपणहून ओळखत नाही. आकडे हे शेवटी आकडेच. रूपांतर एकाच ठिकाणी करायचं, आणि फोल्डरच्या नावातच 'रेक७०९_जी२४_फुल' असं लिहून ठेवायचं.

पांढऱ्याबद्दल थोडं जास्त. डीसीआय पांढऱ्यावर बसवलेल्या प्रोजेक्टरला डी६५ चा पांढरा पूर्ण ४८ निट्सना दाखवायचा, तर हिशोबाने निळा त्याच्या कमालीपेक्षा साधारण १५ टक्के आणि लाल ९ टक्के जास्त लागतो. तेवढी शिल्लक ज्या प्रोजेक्टरकडे नाही तिथे ते दोन्ही कापले जातात आणि सर्वांत उजळ भाग हिरवटाकडे झुकतात. यावर दोन मतं आहेत: पांढराच डीसीआयकडे सरकवा, किंवा डी६५ ठेवून उजेड जरा खाली आणा. मी दुसऱ्या बाजूचा. फिल्मभर शुद्ध पांढरं असतंच किती? ढग, एखादी पांढरी साडी, आणि श्रेयनामावली. नामावलीची अक्षरं ९० टक्क्यांवर आणा, निम्मा प्रश्न मिटतो. शिवाय अंधारात प्रेक्षकांचे डोळेही दिपत नाहीत. साडीचा शॉट कलरिस्टकडून मऊ करून घ्या.

बाकीचं झटपट. सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा वेग डीसीपीत चालत नाही, २४ करा आणि आवाज त्यासोबत सरकला आहे ना ते ऐका. चित्राचा आकार फ्लॅटला १९९८ × १०८० पिक्सेल, जास्त रुंद स्कोपला २०४८ × ८५८. बिटरेटची कमाल मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट आहे, पण जुन्या सर्व्हरचा विचार करून मी जरा खालीच राहतो.

शेवटी थिएटर. सकाळचा पहिला शो सुरू होण्याआधीची दहा मिनिटं मागा. चहा पाजला की बहुतेक प्रोजेक्शनवाले देतात. आधी चाचणीची रीळ लावा, मग फिल्म. थ्रीडीसाठी चंदेरी पडदा असेल तर मधल्या रांगेत, पडद्याच्या मध्यासमोर बसा. कडेच्या खुर्चीवरून उजेड कमी दिसतो. चित्र अंधारं वाटलं तर आधी विचारा की दिवा किती तासांचा झाला आहे आणि थ्रीडीचा फिल्टर पुढ्यात राहिला नाही ना. त्या एका पडद्यासाठी डीसीपी उजळ करून घेऊ नका. पुढच्या आठवड्यात तीच फिल्म दुसऱ्या गावी, नव्या दिव्यासमोर लागणार असते.