ठासणीची बंदूक, एक खार आणि बादलीभर पाणी

खारीच्या शिकारीचा हिशेब असा: रानात तीन तास बसणं, एखाद-दुसरा बार, आणि घरी आल्यावर बंदूक धुवायला पाऊण तास. हा शेवटचा पाऊण तास ज्याला नको असेल त्याने सरळ पॉइंट टू-टूची काडतुसाची रायफल घ्यावी, ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीच्या वाटेला जाऊ नये.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे ही शिकार कायदेशीर आहे आणि जुनीही. आमच्या आजोबांकडे कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, डुकरं हाकायला. त्यामुळे गज (दारू-गोळी ठासायची काठी), चाप, घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा हातोडा), रंजक (बार पेटवायची चिमूटभर दारू) हे शब्द घरातूनच आले. इथल्या दुकानात त्यांची इंग्रजी नावं तेवढी शिकावी लागली. महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र यातलं शिकारीचं काही तिकडे करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि शेकरू तर आपला राज्यप्राणी.

आधी कागद

पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकार-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. खारींचा मोसम सप्टेंबरात सुरू होतो, दिवसाला सहाची मर्यादा असते, आणि डोकं, छाती, पाठ मिळून निदान २५० चौरस इंच भडक नारिंगी कपडा अंगावर लागतो. नियम बदलतात, म्हणून दरवर्षी राज्याच्या गेम कमिशनची, म्हणजे शिकार खात्याची पुस्तिका बघायचीच.

एच-१बी किंवा एफ-१ वर असलेल्यांनी दुप्पट सावध राहावं. नॉनइमिग्रंट व्हिसावर असताना संघराज्याच्या कायद्याने साधी, काडतुसाची बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. ठासणीच्या बंदुकीला १९६८ च्या कायद्याने पुराण्या बनावटीची म्हणून वेगळं काढलंय खरं, पण राज्याराज्यांचे नियम निराळे. माझ्या लेखाच्या भरवशावर ग्रीन कार्ड पणाला लावू नका, वकिलाला विचारा.

बंदूक कोणती

अठराव्या शतकात इथल्याच लँकेस्टरच्या आसपास जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीच्या, आतून पीळदार खोबणी पाडलेल्या रायफली घडवल्या. पुढे त्यांना केंटकी रायफल हे नाव चिकटलं. खारीसाठी यातलं बारीक भोकाचं वाण, म्हणजे ०.३२ किंवा ०.३६ इंच. कारण काटकसरीचं होतं. बत्तीसच्या नळीत जाणारी ०.३१० इंचाची गोळी साधारण ४५ ग्रेनची, तीन ग्रॅमही नाही. एक पौंड शिशात अशा दीडशे गोळ्या निघतात. पन्नास कॅलिबरच्या, म्हणजे ०.५० इंच भोकाच्या बंदुकीच्या, चाळीसच्या आत. शिवाय मोठी गोळी लागली की खारीचं हातात काही उरत नाही.

नवख्याने टोपीची बंदूक घ्यावी. निप्पलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाच्या बोंडावर, तांब्याची स्फोटक टोपी बसवायची, घोडा पडला की ठिणगी थेट आत. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासते, वाटीतली रंजक पेटते, तिची आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरते, आणि तोवर नेम हलू द्यायचा नाही. मजा तिच्यातच जास्त आहे, पण पहिल्या वर्षी नको.

बार भरणं

दारू काळीच हवी, नाहीतर काळ्या दारूला पर्याय म्हणून विकली जाते ती. काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा घालायची नाही; नळी फुटते आणि सोबत हातही जातो. बत्तीसला बारीक दाण्याची, ‘तीन एफ’ची दारू घ्या. सुरुवात २० ग्रेनच्या मापट्याने करा. हे माप आकारमानाचं असतं, तराजूचं नाही.

१. गज नळीत सोडा. रिकाम्या नळीत तो कुठवर जातो तिथे एक खूण हवी, भरलेल्या नळीत कुठवर जातो तिथे दुसरी. पहिल्या खुणेपर्यंत गेला नाही तर आत काहीतरी आहे. दुसऱ्याची बंदूक हातात घेतली तरी पहिलं काम हेच.

२. कोरडी चिंधी फिरवून आतलं तेल पुसा. मग नळीचं तोंड जमिनीवरच्या वाळक्या पानाजवळ धरून नुसती टोपी उडवा. पान हललं तर वाट मोकळी. नाही हललं तर निप्पलमध्ये तेल अडकलंय. सुई घाला, दुसरी टोपी उडवा. मिनिटभर थांबून मगच पुढे.

३. दारू ठेवायच्या शिंगातून दारू मापट्यात, मापट्यातून नळीत. थेट शिंगातून कधीही ओतू नका. मागच्या बाराचा निखारा आत असेल तर अख्खं शिंग हातात पेटतं.

४. चरबी किंवा थुंकी लावलेली सुती चिंधी नळीच्या तोंडावर ठेवा, तिच्यावर गोळी, आणि ठोकणीने आत दाबा. गादीच्या खोळीचं घट्ट विणीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड उत्तम. गजाने ढकलताना हात नळीच्या तोंडापासून वीतभर वरच धरा आणि थोडं-थोडं ढकला. वर शेंड्याला धरून जोर लावला की लाकडी गज मोडतो आणि त्याची फाक तळव्यात घुसते.

५. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. गजावरची दुसरी खूण बघा. मध्ये पोकळी राहिली तर बार उडताना नळी तिथे फुगते किंवा फुटते.

६. टोपी सगळ्यात शेवटी, बसायच्या जागी पोचल्यावर. मग घोडा अर्ध्यावर.

शिकारीआधी दोन-तीन सकाळी मैदानावर घालवा. २५ यार्डांवर कागद लावा आणि १५ पासून २५ ग्रेनपर्यंत मापं बदलत बघा. नेमाइतकंच महत्त्वाचं म्हणजे पुढे पडलेल्या चिंध्या गोळा करून वाचणं. गोल, मध्ये काळसर, कडा किंचित झिरमिळ्या, ही चिंधी बरोबर. मध्येच जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ किंवा चरबी कमी. चिरे पडले असतील तर खोबणीची धार किंवा नळीचं तोंड कापड कापतंय. दर दोन-तीन बारांनी ओलसर चिंधी फिरवली नाही तर पाचवी गोळी खाली जायला कुरकुरते.

रानात

हिकरीचं, म्हणजे इथल्या एका कठीण कवचाच्या फळांचं झाड ओळखता आलं की अर्धं काम झालं. सप्टेंबरात करड्या खारी त्याच्या शेंड्यावर असतात, आणि कवचाचे तुकडे पानांवर पडत राहतात. पावसाची पहिली सर पडते तसा टपटप आवाज. झाडाखाली ताजे, ओले, पांढुरके तुकडे दिसले तर तिथेच बसा. हिकरी संपली की ओक, बीच आणि अक्रोड.

उजाडायच्या आधी, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं. पहिली वीस मिनिटं काही होत नाही. तुम्ही येताना केलेला आवाज रान विसरतं तेव्हा एक शेपूट झुलते. वाऱ्याच्या दिवशी घरीच बरं, कारण सगळंच हलत असतं. खारीने पाहिलं तर ती बुंध्यामागे सरकते. दोघं असाल तर एकाने बसून राहावं आणि दुसऱ्याने झाडाला लांबून, आवाज करत वळसा घालावा. खार बसलेल्याच्या बाजूला येते. मात्र चालणारा नक्की कुठे आहे हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय बंदूक उचलायची नाही.

एक गोष्ट मी हट्टाने सांगतो. आभाळाच्या पार्श्वभूमीवर फांदीवर बसलेल्या खारीवर गोळी झाडू नका. छऱ्यांचं ठीक आहे, ते लवकर मरगळतात. गोळी चुकली तर टेकडीपलीकडच्या कुणाच्या अंगणात पडेल सांगता येत नाही. मागे जाड बुंधा किंवा मातीचा उतार हवा. वीस-पंचवीस यार्डांच्या आत, डोक्यावर नेम. त्यापुढचं सोडून द्या. ठासणीत दुसरी संधी नसते, आणि जखमी खार ढोलीत शिरली की गेलीच.

जुने शिकारी खारीला न लागता तिच्या पोटाखालच्या सालीवर गोळी मारत, आणि सालीच्या धक्क्याने ती मरून पडे. पक्ष्यांचा चित्रकार ऑड्युबॉन याने डॅनियल बून असं करताना पाहिल्याचं लिहून ठेवलंय. त्याची गोष्टी रंगवायची सवय बघता मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही.

बार उडाल्यावर समोर पांढरा ढग उभा राहतो आणि काही दिसत नाही. उठू नका. खार पडल्याची जागा आवाजावरून लक्षात ठेवा, बसल्या बसल्या पुन्हा भरा. दहा मिनिटांत बाकीच्या खारी परत कामाला लागतात, त्यांना तो गडगडाट वाटत असावा.

टोपी फुटली पण बार गेला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून पूर्ण एक मिनिट थांबा. कधी कधी बार रेंगाळून उडतो. नंतर नवी टोपी. तरीही काही नाही? मग बहुधा तुम्ही माझ्यासारखेच. पहिल्या मोसमात बोलण्याच्या नादात मी दारू न घालताच गोळी ठासली होती. उपाय असा: निप्पल काढायचं, त्या वाटेने चार-पाच दाणे दारू आत सारायची, निप्पल परत बसवायचं, गोळी गजाने पुन्हा खाली टेकवायची, गज बाहेर काढायचा आणि मऊ मातीच्या उतारात बार सोडायचा.

खार सोलताना रबरी हातमोजे घाला, टुलारेमिया या प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या आजाराचा धोका असतो. शेपटीखालून चीर देऊन, शेपटीवर पाय ठेवून मागचे पाय वर ओढले की कातडं सदऱ्यासारखं निघतं, पण अंग गरम असतानाच. सप्टेंबरात कातडीखाली माशीच्या अळीच्या गाठी सापडतात. दिसायला किळसवाण्या, मांसाला काही होत नाही. व्हर्जिनियाचा ब्रन्सविक स्ट्यू मुळात खारीचाच म्हणतात. आमच्याकडे कुकरला पाच शिट्ट्या आणि वाटण. जून नर असेल तर आठ.

धुणं

काळ्या दारूचं निम्म्याहून थोडं अधिक वजन जळल्यावर घनरूपातच उरतं. त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतला दमटपणा ओढतात आणि लोखंडावर बसतात. एकदा मी ‘सकाळी धुऊ’ म्हणून झोपलो. सकाळी पहिल्या चिंधीवर तांबूस रंग आला, आणि तेव्हा पडलेले बारीक खड्डे आजही त्या नळीत आहेत. त्यानंतर घरात नियम केला: बंदूक धुतल्याशिवाय जेवण नाही.

धुण्याआधी बंदूक रिकामी आहे ना, ते गज टाकून बघा. क्षार तेलात नाही, पाण्यात विरघळतात. म्हणून सॉल्व्हंटच्या महागड्या बाटल्यांपेक्षा कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्यांचं साबण बरं. उकळतं पाणी घालू नका, पाणी वाळता वाळता आत गंजाची झाक धरते.

नळी आकडीने निघणारी असेल तर निप्पल काढून तिचं बूड बादलीत बुडवा. गजाला जॅग (चिंधी धरणारं टोक), जॅगवर ओली चिंधी, आणि पिचकारीसारखं वर-खाली करा. बादलीतलं पाणी पाटीवरच्या कोळशाच्या पाण्यासारखं काळं होतं, वास सडक्या अंड्याचा. पाणी बदला, पुन्हा करा. लांब केंटकी रायफलीची नळी खिळ्यांनी दस्त्याला, म्हणजे बंदुकीच्या लाकडाला, जोडलेली असते; ते खिळे दरवेळी काढू नका, लाकूड तडकतं. कानात दातकोरणं खोचा, नळीत अर्धी वाटी पाणी ओता, तोंडावर अंगठा ठेवून हलवा, ओता. पाणी दस्त्याच्या फटीत झिरपू नये म्हणून कानाभोवती चिंधी गुंडाळा.

मग कोरड्या चिंध्या. शेवटची पांढरी निघेपर्यंत, मग आणखी दोन. बुडाशी, पेचापाशी ओल राहते, तिथे चिंधी दाबून फिरवा. त्यानंतर तेलाची चिंधी. साधं खनिज तेल साठवणीला चालतं, पण बार भरताना ते पुसलंच पाहिजे. दारूबरोबर जळून त्याचं डांबर होतं. म्हणून चिंधीला लावायचं वंगण मेणाचं, मेंढीच्या चरबीचं किंवा ऑलिव्ह तेलाचं.

निप्पलच्या भोकातून सुई घाला, आट्यांना चिमूटभर ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या खेपेला पाना फिरणार नाही. लॉक, म्हणजे घोड्याची यंत्रणा, घोडा अर्ध्यावर ठेवून काढा, जुन्या दातांच्या ब्रशाने घासा, वाळवा, फिरत्या जागी एकेक थेंब तेल. चकमकीची बंदूक असेल तर वाटी, पोलाद आणि गारगोटी अगदी कोरडी पुसा. तेलकट पोलादावर ठिणगी पडत नाही. दस्त्याला वर्षातून दोनदा जवसाचं तेल, तळहाताने चोळून.

बंदूक ठेवताना नळीचं तोंड खाली, वर्तमानपत्राच्या घडीवर. तोंड वर ठेवलं तर तेल बुडाशी उतरून निप्पल तुंबवतं आणि दस्त्याचं लाकूड काळं पडतं. दुसऱ्या दिवशी एक चिंधी फिरवा, आठवड्याने आणखी एक. तपकिरी निघाली तर बादली परत काढा.