मदरबोर्ड बदलल्यावर विंडोजचा परवाना कसा हलवावा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. अशा पाण्यात भिजलेल्या किंवा वळवाच्या विजेने निकामी झालेल्या संगणकाचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य सर्किट बोर्ड) बदलला, की जुनी हार्ड डिस्क शाबूत असूनही ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ असा संदेश दिसू लागतो. मायक्रोसॉफ्टकडे डिजिटल परवान्याची नोंद संगणकाच्या सुट्या भागांवरून केलेली असते आणि त्यांत मदरबोर्डाला सर्वाधिक महत्त्व असते. रॅम किंवा डिस्क बदलल्याने सहसा काही बिघडत नाही.

आधी परवान्याचा प्रकार पाहावा. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत एस, एल, एम, जी, आर ही अक्षरे जोडून, मग मोकळी जागा, तिरकी रेघ (/) आणि डी, एल, आय असे टंकित करून एंटर दाबावे. येणाऱ्या खिडकीत ‘रिटेल’ (म्हणजे स्वतंत्रपणे विकत घेतलेला) असल्यास परवाना साधारणतः दुसऱ्या संगणकावर नेता येतो. ‘ओईएम’ (म्हणजे संगणकाबरोबरच उत्पादकाकडून आलेला) असल्यास तो पहिल्याच संगणकाशी बांधलेला असतो, आणि बोर्डातील दोषामुळे उत्पादकाने समतुल्य बोर्ड बसवून दिला असेल तरच तो पुढे चालू राहतो.

संगणक अजून सुरू होत असेल, तर दुरुस्तीला देण्यापूर्वी दोन कामे अवश्य करावीत. पहिले, सेटिंग्जमधून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करावे, म्हणजे परवाना त्या खात्याशी जोडला जातो. दुसरे काम माझ्या मते परवान्याहूनही मोलाचे आहे: डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, कारण बोर्ड बदलताच विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर हळदीच्या अडतीचे वर्षभराचे हिशेब डोळ्यांसमोर असूनही उघडता येत नाहीत. हा कागद तळमजल्यावरच्या दुकानात न ठेवता घरी वरच्या मजल्यावर ठेवावा.

बोर्ड बसल्यावर इंटरनेट जोडून त्याच खात्याने, प्रशासकाचे अधिकार घेऊन, आत यावे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन या क्रमाने जाऊन ‘ट्रबलशूट’ निवडावे. तेथे आपण अलीकडे हार्डवेअर बदलल्याचा पर्याय दिसतो. खात्यातील उपकरणांच्या यादीतून आपला जुना संगणक ओळखावा, ‘सध्या वापरत असलेले उपकरण हेच’ अशी खूण करावी आणि ॲक्टिव्हेट करावे. होम आवृत्तीचा परवाना प्रो आवृत्तीवर चालत नाही, म्हणून नव्याने विंडोज टाकताना दुकानदाराला आवृत्ती आवर्जून सांगावी.

रिटेल परवान्याची २५ अक्षरांची प्रॉडक्ट की हाती असेल, तर त्याच पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’ मध्ये ती भरणे सोपे पडते. हेही जमले नाही, तर खरेदीचे बिल घेऊन मायक्रोसॉफ्टच्या ग्राहक साहाय्याशी बोलावे. काही शे रुपयांत मिळणाऱ्या अनोळखी की किंवा फुकट ‘ॲक्टिव्हेटर’ यांच्या वाटेला मात्र जाऊ नये: अशी की कधीही रद्द होऊ शकते, आणि ॲक्टिव्हेटरबरोबर घातक प्रोग्रॅमही त्याच संगणकात येऊ शकतात, ज्यावरून आपण जीएसटीचे विवरणपत्र भरतो.